वहिनींचे दोन पत्ते

सोमवार, रात्री उशिरा

कालच्या पोकरच्या डावात वहिनींनी पत्ते दाखवायलाच हवे होते असं काही नाही. समोरच्याने डाव सोडला की जिंकणाऱ्यावर पत्ते उघडायची सक्ती नसते, हा नियम त्या टेबलावर मीच सगळ्यांना शिकवलाय. तरी सकाळी सातपूरला जाताना सिग्नलवर तेच, दुपारी डबा खाताना तेच, आणि आता झोपायच्या वेळीही तेच दोन पत्ते डोक्यात. लिहून टाकतो, म्हणजे सुटतील.

ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी लावायची सक्तीची रक्कम) १०-२०, प्रत्येकापुढे २००० च्या चिप्स. पैसे नाहीत, हरेल त्याने मिसळ द्यायची. वहिनींनी पहिल्या जागेवरून ६० केले. मी बटणावर, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी बोलायच्या जागी, हातात इस्पिकचे एक्का-राणी. कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, बाकीचे पळाले. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडलेले सगळ्यांचे पहिले तीन पत्ते : बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. वहिनींचे ७५. टर्नला (चौथा पत्ता) चौकट छक्की, त्यांचे २००. दोन्हीला मी कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा) बदाम दुर्री पडली आणि वहिनींनी शेंगांची टरफलं बाजूला सारून ७०० पुढे ढकलले. पॉटमध्येही, म्हणजे मधोमध जमलेल्या चिप्समध्येही, तेव्हा ७००च होते.

समोरच्याकडे नेमके कुठले दोन पत्ते आहेत हे ओळखायला जाऊच नये. सुरुवातीला १३२६ जोड्या शक्य असतात. माझे दोन आणि टेबलावरचे पाच काढले तरी ९९० उरतात. या ढिगातून तो माणूस जसजसा खेळतो तसतसं काढून टाकत जायचं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे ऐकून नाशकात पंचवटीतली जुनी माणसं पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागेल की कमरेला ते सांगतात, तसंच हे. आकडा बदलला की अंदाज बदलायचा. फरक एवढाच की गोदावरी कुणाला चकवायला वाढत नाही.

तर वहिनी. तासभर नुसते पत्ते टाकत बसतात, त्यामुळे पहिल्या जागेवरून रेज (रक्कम वाढवणं) म्हटल्यावर ढीग तिथेच आटला. एक्क्यांची, राजांची जोडी किंवा राजा-राणी असते, तर तिसरं बदाम पडल्यावर त्या काही न लावता चेक करून बसल्या असत्या. उरलं काय? त्रिकूट (हातातली जोडी आणि टेबलावरचा तसाच तिसरा पत्ता) : राण्यांची जोडी एकाच प्रकारे शक्य, कारण एक राणी टेबलावर आणि एक माझ्याकडे, अठ्ठ्यांच्या तीन, तिर्र्यांच्या तीन (छोट्या जोड्या वहिनी सोडत नाहीत; पण छक्क्या किंवा दुर्र्या असत्या तर फ्लॉपलाच लावले नसते). झाले सात. मग फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते), म्हणजे हातातले दोन्ही पत्ते बदामाचे : एक्का-राजा, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी. सहा. म्हणजे मला हरवणारे तेरा. मला ७०० घालून २१०० चा पॉट मिळणार होता, तेव्हा तीनातून एकदा तरी मी पुढे असायला हवं. तेराच्या समोर निदान सात खोटे हात (काही नसताना लावलेले) हवेत. वहिनींच्या नावावर मी एकही धरला नाही. शून्य.

पत्ते टाकले. गप्प बसून टाकायचे, पण मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही एवढे लावलेत म्हणजे असणारच."

त्या चिप्स ओढून घेत म्हणाल्या, "मला खोटं बोलताच येत नाही असं वाटतं का हो भाऊजी तुम्हाला?"

दादा हसला. पुतण्या नाही हसला. तो आईकडे बघत होता, आणि त्या बघण्याचा अर्थही मी कालपासून लावतोय. तेवढ्यात वहिनींनी त्यांचे दोन पत्ते गड्डीत सरकवले आणि पिसायला घेतले.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा स्वतःचीच कीव आली. त्या टेबलावर मी एकटा कॉम्बो, म्हणजे अशा जोड्या, मोजत बसतो. कुणी नुसत्या जोडीवर सगळं लावून जिंकलं की टाळ्या पडतात. बरोबर वेळी राणी-एक्का सोडून देणाऱ्याला कोण विचारतं? उलट "काय भाऊजी, घाबरलात?" ऐकून घ्यायचं. ऑनलाइन खेळायचो तेव्हा असं नव्हतं. समोरचा शंभरातल्या किती डावांत उतरतो, किती वेळा रेज करतो, सगळं त्याच्या नावाशेजारी दिसायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं, आणि उरली ही इंदिरानगरची मंडळी. यांच्या नावाशेजारी आकडे नाहीत.

इथेच काहीतरी खटकतंय. अनोळखी माणसाच्या नावावर निदान चार-दोन खोटे हात मी धरतोच. वहिनींच्या नावावर शून्य धरला, तो कशाच्या जोरावर? पत्त्यांच्या नक्कीच नाही. रिव्हरला त्यांचे पत्ते उघडे पडलेत असे डाव मला फारसे आठवतही नाहीत. शून्य आला तो स्वयंपाकघरातून. आईच्या आजारपणातून. "मला त्यातलं काही नको" हे त्या मखमलाबादच्या जागेच्या वेळी म्हणाल्या आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, तिथून. तेव्हाही कुणी दुसरा हात धरला नव्हता. दादानेही नाही. असो, तो विषय आज नको.

चॅलेंज (पत्ते उपडे ठेवून खरं-खोटं सांगायचा खेळ) खेळताना लहानपणी आत्या "चार गुलाम" म्हणून बिनदिक्कत भलतेच पत्ते ठेवायची, आणि आम्ही तिला कधी अडवायचो नाही, कारण आत्या.

मघाशी उठून पाणी प्यायलो आणि आलो तेव्हा हसूच आलं. चाळिशी उलटलेला माणूस, उद्या पहिली शिफ्ट, आणि हा वहिनींच्या रेंजवर, म्हणजे त्यांच्या हातात काय काय असू शकतं यावर, वही भरतोय. बरं, धरू या की वहिनी खोटं खेळतात. कशावर खेळतील? हातात बदाम एक्का आणि दुसऱ्या रंगाचा राजा, यापेक्षा चांगलं काही नाही. एक्का त्यांच्याकडे म्हणजे सगळ्यात मोठा फ्लश माझ्याकडे असूच शकत नाही, हे त्यांना ठाऊक. इस्पिक, किलवर, चौकट, राजे तीन, म्हणून कॉम्बो तीन. तेराला तीन. सात लागत होते. म्हणजे वहिनींना लबाड धरलं तरी फोल्डच, पत्ते टाकायचेच! सगळा दिवस फुकट गेला म्हणायचा. आणि हे गणित वहिनींनी केलं असेल का, असं आता मनात येतंय तर ते येऊ दे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढं मात्र झालं की त्यांच्या नावापुढचा शून्य खोडला. तीन लिहिले.

संध्याकाळी दादाचा फोन आला होता, शनिवारी डाव आहे, मिसळ तुझ्याकडून. येतो म्हटलं. मखमलाबादचे कागद बरोबर आणू का, हे त्याला विचारणार होतो, तोंडावर आलं होतं. त्याला नको. वहिनींनाच विचारतो, आणि दादा समोर नसताना.