कानाला पापणी नाही

डोळे मिटता येतात, तोंड बंद ठेवता येतं, हात खिशात घालता येतात. कानांची मात्र अशी काही सोय नाही. नाक बोटांनी दाबता येतं खरं, पण तसं किती वेळ बसणार?

मला तर वाटतं, आपल्याला जे ठाऊक असतं त्यातलं बरंचसं असंच, न विचारता आत शिरलेलं असतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांशी माझं कधी बोलणं झालेलं नाही. तरी त्यांची टाच जड पडते, रात्री उशिरा त्यांना खुर्ची सरकवायची सवय आहे आणि हल्ली घरात एक धावरं मूल आलंय, हे मला पक्कं माहीत आहे. यात चौकसपणा नाही. छतातून जे येतं ते ऐकून घ्यावं लागतं, इतकंच.

डोळे मिटून ऐकलं तर भांड्यात ओतलं जाणारं पाणी गरम आहे की गार, हे बहुतेकांना सांगता येतं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. गंमत म्हणजे, आपल्याला ते येतं हेही विचारेपर्यंत आपल्याला माहीत नसतं.

ही शिकवणी फार लवकर सुरू होते. 1996 साली मानसशास्त्रज्ञ जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग माळ ऐकवली. मध्ये ना विराम, ना कुठे आघात. फक्त दोन मिनिटं. काही अक्षरं नेहमी एकामागोमाग येत होती, काहींची गाठ अधूनमधूनच पडत होती. तेवढ्यावरून बाळांनी 'शब्द' कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे टिपलं. ना बक्षीस, ना धाक, ना 'म्हण पाहू'. आणि आपण वह्या-पुस्तकं घेऊन परकी भाषा शिकायला बसतो!

मिटता येतात म्हणून डोळ्यांनीही फार तोरा मिरवू नये. मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूपने 1935 मध्ये रंगांची नावं भलत्याच रंगांच्या शाईत छापून लोकांना फक्त शाईचा रंग सांगायला लावलं. 'हिरवा' हा शब्द लाल शाईत दिसला की जीभ अडखळते. एकदा वाचता येऊ लागलं की न वाचणं जमत नाही.

गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, उपजणारं ज्ञान. ते चुकणारं नसावं, निश्चित असावं, अशा अटी पुढे आहेत. ते आपल्याला हवं असावं, अशी अट नाही. सूत्रकारांच्याही वरच्या मजल्यावर कुणी राहत असावं.

नाकाचं मात्र थोडं उलटं आहे. ते नवीन वासाची वर्दी तत्परतेने देतं आणि तोच वास रेंगाळला की थोड्या वेळात गप्प बसतं. त्यामुळे दुसऱ्यांच्या घरांचे वास आपल्याला तोंडपाठ, आणि स्वतःच्या घराचा ठाऊक नाही. लांबच्या प्रवासाहून परतल्यावर दार उघडताना तो ओझरता येतो. नीट हुंगायला जावं तर पसार. पाहुण्याला तो उंबऱ्यातच कळलेला असतो. पण विचारलं तर तो सभ्यपणे म्हणतो, "छे, कुठे काय!"