येत्या सोमवारची सही

सुरक्षा ऑडिटसाठी समोर आलेली फाइल इतकी नेटकी होती की मला तिथेच शंका यायला हवी होती. विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाने आयएसओ 45001 या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या मानकाच्या कलमांप्रमाणे रंगीत टॅग लावलेले. धोरण, जोखीम मूल्यांकन, प्रशिक्षण, सगळं जागच्या जागी. अपघात नोंदवही तेवढी कोरी. एवढी मुलं रोज ॲसिड हाताळतात आणि काच फुटून कुणाचं बोटही कापलं नाही? कोऱ्या नोंदवहीची मला भरलेल्या वहीपेक्षा जास्त धास्ती वाटते.

दुपारी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये गेलो. आयवॉशला, म्हणजे डोळ्यात काही उडालं तर डोळे धुवायच्या फवाऱ्याला, तपासणीचं कार्ड अडकवलेलं. दर सोमवारी सही. येत्या सोमवारचीसुद्धा!

"मामा, जरा चालू करता?"

मामांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं, कोपऱ्यातली बादली आणून खाली ठेवली आणि दांडा दाबला. आधी नुसतीच फुसफुस, मग विटकरी पाणी. पाइपात साचलेला गंज निघून जावा म्हणून तर आयवॉश दर आठवड्याला चालवायचा असतो.

विभागप्रमुख मामांवर घसरले. त्यांना थांबवून मी विचारलं, "बादली कशाला आणलीत?"

"खाली निचराच नाही ना, सर. सगळं पाणी फरशीवर. दोनदा सांगून पाहिलं. मग एक मुलगी घसरली, मनगट मुरगळलं तिचं. तेव्हापासून नाही चालवला."

नोंदवहीत नसलेला अपघात असा सापडला.

अमेरिकेच्या एएनएसआय मानकाप्रमाणे आयवॉशमधून मिनिटाला किमान दीड लिटर पाणी सलग 15 मिनिटं यावं लागतं. म्हणजे साडेबावीस लिटर. खरोखर डोळ्यात काही उडालं असतं, तर एवढं पाणी जाणार कुठे, हे बसवताना कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी मागच्या वर्षीचा अहवाल काढला. 'आयवॉश : नोंदी समाधानकारक.' खाली सही माझीच. मीही कार्डच पाहिलं होतं, दांडा दाबला नव्हता.

समारोपाच्या बैठकीत सुरक्षा अधिकाऱ्यांना 'कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा' असं कारण हवं होतं. मी नकार दिला. खोट्या सह्या नोंदल्याच, पण मुख्य शेरा कलम 5.4 खाली गेला : कामगारांचा सल्ला आणि सहभाग. मामांनी सांगितलेलं दोनदा कुठे अडलं, ते शोधायला सांगितलं. ते कुणालाच सांगता येईना. उरलेला वेळ निचऱ्याचा खर्च सुरक्षेच्या खात्यात टाकायचा की इमारत देखभालीच्या, यावर गेला.