पंप बंद केला तेव्हा

सोळा वर्षं प्लंबिंग करतोय. चढतं पाणी वेगळं आणि उतरतं पाणी वेगळं, ही वाटणी डोक्यात पक्की. त्यामुळे हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवून सर म्हणाले, "हिचं पाणी तळघरात उतरवायचं," तेव्हा मी सवयीनं विचारलं, "आणि तिथून कुठे सोडायचं?"

"सोडायचं नाही. गाळून परत वर आणायचं. चोवीस तास."

टाकी खाऱ्या पाण्याच्या माशांची. १८० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. काठोकाठ भरली तर ६४८ लिटर. खालच्या गाळणीच्या टाकीला ही मंडळी सम्प म्हणतात. एरवी ती स्टँडच्या कपाटातच बसवतात, पण मग पंपाची घरघर आणि फेसाचा वास बसायच्या खोलीत येतो. तळघरात नेली की ती हवी तेवढी मोठीही करता येते. मागणी रास्त होती.

स्लॅबला भोकं पाडणं हे सगळ्यात धोक्याचं काम वाटतं, पण ते सगळ्यात सरळ झालं. चार पाइप, चार भोकं. रेबार डिटेक्टर फिरवला तर तिसरी खूण नेमकी सळईवर पडत होती, ती चार बोटं सरकवली. चौथीच्या बाबतीत यंत्रापेक्षा दिवा उपयोगी पडला. तळघराच्या छताला मधोमध एक दिवा आहे आणि त्याचं बटण दाराजवळ. म्हणजे वायरिंगचा पाइप स्लॅबमधून त्या दोघांच्या मधल्या रेषेत गेलेला असणार, असं धरून मी ती पट्टीच सोडून दिली. कोअर कटरनं १५ सेंटीमीटर स्लॅबमधून काँक्रीटचे नळकांडे निघाले, गुळगुळीत, आत खडी कापलेल्या सुपारीसारखी दिसणारी. सरांच्या मुलीनं त्यातलं एक टेबलावर ठेवायला मागून घेतलं. भोकात स्लीव्ह, म्हणजे पाइप ओवायच्या नळ्या, बसवल्या आणि त्या फरशीच्या वर पाच सेंटीमीटर उभ्या ठेवल्या. वर पाणी सांडलं तर स्लीव्हवाटे खाली गळू नये म्हणून.

सरांनी पंप आधीच आणून ठेवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात ताशी १०,००० लिटर. बाजूला बारीक अक्षरात, जास्तीत जास्त उंची ५ मीटर. सम्पच्या पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत मी टेप लावली: ३.९ मीटर. त्यात एल्बो, व्हॉल्व्ह, पाइपचं घर्षण. वरचा १०,००० चा आकडा शून्य उंचीचा असतो. ५ मीटरला हाच पंप एक थेंबही देणार नाही, आणि चारच्या पुढे गेला की नुसती धार. पंप बदलून ९ मीटरवाला आणला, रिटर्नचा, म्हणजे पाणी परत वर नेणारा, पाइप एक इंचाऐवजी दीड इंची घेतला आणि काटकोनी एल्बोच्या जागी शक्य तिथे पंचेचाळीसचे दोन लावले.

उतरत्या पाइपांनी मात्र मला शिकवलं. घरातलं सांडपाणी कधीच पाइप भरून वाहू द्यायचं नसतं. वर हवा, खाली पाणी, नाहीतर ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला वाकड्या पाइपात ठेवलेलं, पाणी ओढलं जातं. इथे उलटं. हवा आणि पाणी मिसळून तीन मीटर पडलं तर हॉलमध्ये दिवसरात्र मोरी वाहिल्यासारखी खळखळ ऐकू येते. म्हणून पहिला पाइप पूर्ण भरलेला, सायफनवर, म्हणजे उतरतं पाणी मागचं पाणी ओढतं त्या जोरावर, चालणारा. त्याच्या तळाशी, सम्पजवळ, गेट व्हॉल्व्ह. दीड इंची पाइपला तीन मीटरचा उतार मिळाला की तो पंप देतो त्याच्या कितीतरी जास्त पाणी ओढू शकतो, तेव्हा व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच ठेवावा लागतो. बॉल व्हॉल्व्हनं हे जमत नाही, हात लावला की एकदम फरक पडतो. गेट व्हॉल्व्ह पाव-पाव आटे फिरवून बसवता येतो. दुसऱ्या पाइपातून बारीक ओघळ, भिंतीला चिकटून उतरणारा, बिनआवाजी. तिसरा कोरडा. पहिले दोन तुंबले तरच त्यानं बोलायचं.

पहिल्यांदा पंप सुरू केला तर सायफन धरेचना. कोरड्या पाइपानं लगेच गर्जना केली. कारण शोधायला अर्धा तास गेला: पहिल्या पाइपचं टोक मी सम्पच्या पाण्यात वीतभर बुडवलं होतं, व्यवस्थित दिसावं म्हणून. आत अडकलेल्या हवेला तेवढं पाणी ढकलून बाहेर पडता येत नव्हतं. टोक कापून अडीच सेंटीमीटरच बुडेल असं केलं. मग हवेचे मोठे बुडबुडे भकाभका निघाले आणि दोन मिनिटांत हॉल शांत. सर टाकीला कान लावून उभे. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, काम झालं.

आमच्या कामात पाणी चढलं, उतरलं, गळलं नाही, म्हणजे झालं. सर म्हणाले, "आता लाइट गेल्यावर काय होतं ते बघू." मी तळघरात गेलो आणि पंपाचं बटण बंद केलं.

सम्पचं पाणी चढू लागलं. ते अपेक्षितच. ओव्हरफ्लोच्या काठावरचं पाणी उतरणार, पाइपातलं उतरणार. सम्पमध्ये काठापर्यंत १४ सेंटीमीटर जागा होती. सम्प १२० बाय ५०, म्हणजे सेंटीमीटरला सहा लिटर, एकूण ८४ लिटरची सोय. पाचवर आलं, सहावर आलं. उतरत्या पाइपांचा आवाज थांबला. पाणी थांबलं नाही. आठ. नऊ.

मी पंपाच्या वरच्या एनआरव्हीवर, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेवर, हात ठेवला. बंद असता तर पाइप मुका लागला असता. हाताला थरथर लागली. आतून पाणी धावत होतं, उलट दिशेनं, पंपातून मागे सम्पमध्ये.

शेजारीच बॉल व्हॉल्व्ह होता. त्याचं हँडल फिरवलं, आणि ते निम्म्यात भिंतीला जाऊन टेकलं. घाईत मी तो व्हॉल्व्ह हँडल भिंतीकडे करून चिकटवला होता. पूर्ण बंद होणं शक्यच नव्हतं. सोळा वर्षं! सोल्युशन लावण्याआधी हँडल फिरवून बघायचं, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

मी जिन्याकडे तोंड करून ओरडलो, "सर, नोझल! पाण्याच्या बाहेर काढा!"

"काय?"

"वरचं तोंड! उचला!"

तोवर पाणी काठावर आलं आणि एका कोपऱ्यातून सुटलं. पातळ, रुंद, काचेवरून पसरत. मी फडकी लावतोय, फडक्यांचा काही उपयोग नाही, हे कळत असूनही लावतोय. वरून घोटभर गुडगुड आवाज आला, मग पाइपात हवा शिरल्याची लांब शीळ, आणि पाणी थांबलं. तीन बादल्या सांडलं असेल. विजेचा बोर्ड मी छातीच्या उंचीवर लावला होता आणि चाचणी साध्या पाण्यावर होती, मासे अजून आलेले नव्हते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

मग हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. सरांना खडकांच्या पायथ्याशी जोराचा प्रवाह हवा होता म्हणून नोझल पाण्याखाली १५ सेंटीमीटर बसवलं होतं. पंप थांबला की रिटर्नचा पाइपच सायफन होतो आणि नोझल उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी करतो. टाकीचा एक सेंटीमीटर म्हणजे १०.८ लिटर. पंधराचे १६२. सोय ८४ ची. मधे फक्त तो एनआरव्ही उभा होता, आणि तो आहे म्हणून मी निवांत होतो.

युनियन, म्हणजे पाइपचा आट्यांचा जोड, खोलून तो बाहेर काढला. झडपेच्या रबराखाली पीव्हीसीचा एक कीस अडकला होता, नखाच्या कडेएवढा, पांढरा, कुरळा. हॅक्सॉनं कापलेल्या पाइपची बर, म्हणजे कडेला राहिलेले कीस, मी आतून नीट काढली नव्हती, तिथलाच. गच्चीच्या टाकीच्या लाइनवर असा कीस निघून जातो किंवा थोडं पाणी मागे येतं, कुणाला कळतही नाही. सर म्हणाले, कीस नसता तरी सहा महिन्यांनी तिथे चुना बसला असता किंवा गोगलगाय. खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्या असतातच, आणि पाइपातून कुठेही पोचतात.

एनआरव्ही पुन्हा लावलाच नाही. तो पंपाचा जोरही खातो. नोझल वर घेतलं, पाण्याखाली दोन सेंटीमीटर. त्याच्याही वर, पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, सहा मिलीमीटरचं भोक पाडलं, म्हणजे पाणी थोडं उतरलं की तिथून हवा शिरून सायफन तुटेल. खडकांपाशी प्रवाह हवा तर टाकीत वेगळा छोटा पंप सोडा म्हटलं. बॉल व्हॉल्व्ह कापून हँडल खोलीकडे करून बसवला. त्याचे पैसे अर्थातच मागितले नाहीत.

चोवीस तास सोल्युशन वाळू दिलं आणि मग पंप पाच वेळा बंद केला. पाचही वेळा सम्प सात-आठ सेंटीमीटर चढून थांबला. थांबला तिथे मुलीनं काचेवर लाल टेप चिकटवली आणि खाली, पंप चालू असतानाच्या पातळीला, निळी.

तीन आठवड्यांनी सरांचा फोन आला. मीठ घातलं, खडक मुरले, दोन मासे सोडलेत, सवड असेल तर बघून जा. गेलो. सर म्हणाले, "आधी हे बघा," आणि टॉर्च धरला. सहा मिलीमीटरच्या त्या भोकात एक गोगलगाय बरोबर बुचासारखी बसली होती.

मी काही न बोलता तळघरात उतरलो आणि पंप बंद केला. पाणी चढलं, लाल टेपच्या एक बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. वरून मुलीचा आवाज आला, "काका, किती?"

"एक बोट जास्त," मी म्हणालो. "टेप घेऊन ये."