ओहोटीच्या वेळी ऐरोलीत

बोट सुटणार नाही, हे तिकिटाच्या खिडकीवरच कळलं. ओहोटी होती. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो दाखवायला बोट निघते ती भरतीच्या वेळा पाहून, हे मला घरून निघतानाच बघायला हवं होतं. आई सत्तरीच्या पुढची. ठाण्याहून लोकल, मग रिक्षा, असं करत भर दुपारी तिला आणलं होतं. माझा चेहरा पडला, तर तीच म्हणाली, "अगं, सुकती आहे ना? मग चांगलंच झालं. सुकतीलाच सगळं दिसतं."

आईचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. खारफुटीतून जाणाऱ्या बोर्डवॉकवर आम्ही दहा पावलंही गेलो नसू, ती कठड्याला धरून थांबली. खाली काळा, ओला, चकाकणारा चिखल, आणि त्यातून पेन्सिली उभ्या खोचाव्यात तशी हजारो मुळं वर आलेली. तिवराची श्वसनमुळं. त्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून झाड आपली मुळं वर पाठवतं आणि ओहोटीच्या वेळात त्यांच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. भरतीला आलो असतो तर हे सगळं पाण्याखाली असतं.

"हे तिवर," आई म्हणाली. "आमच्याकडे चुलीला हेच असायचं. पाला गुरांना." मग हाताशी आलेल्या फांदीवरचं एक पान तिने न तोडताच उलटसुलट करून पाहिलं, त्यावर बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. "चाटून बघ." खारट. नीट पाहिलं तर पानावर मिठाचे अगदी बारीक कण चमकत होते. मुळांतून आत आलेलं जास्तीचं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो, हे मी वाचलं होतं. पण जिभेवर मीठ आलं तेव्हा कुठे ते खरं वाटलं.

पुढे कांदळाची झाडं होती, खोडापासून कमानीसारखी मुळं फुटून चिखलात रोवलेली. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. हिरव्या लांब शेंगेसारखं दिसतं ते खरं तर रोपच. गळून चिखलात रुतलं तर तिथेच मूळ धरतं, पाण्यात पडलं तर तरंगत दुसरीकडे जातं. आईला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण लहानपणी त्या शेंगा उचलून चिखलात भाल्यासारख्या फेकायचा खेळ ती आणि बाकीची मुलं खेळायची. म्हणजे नकळत लागवडच करत होती ती. काटेरी पानांची मारांडी तिने फलक वाचायच्या आधीच ओळखली.

आणि मग निवट्या! बोटभर लांब, डोळे डोक्यावर, कल्ल्यांच्या खोबणीत पाणी भरून घेतलेला हा मासा ओल्या चिखलावर परांच्या आधाराने सरपटत होता. एकाने दुसऱ्यावर पाठीवरचा पर उभारला, दुसरा उडी मारून बाजूला झाला. आई अर्धा तास तिथून हलली नाही. मीही हलले नाही.

मी ठाण्यात वाढले. आमच्यासाठी खाडी म्हणजे नाकाला रुमाल लावून ओलांडायची जागा. भराव टाकायला, राडारोडा ओतायला हक्काची. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली, 2012 मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला, 2015 मध्ये ठाणे खाडीतला हा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. एवढ्या दाट वस्तीच्या शेजारी हे टिकून आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच पुढचं दृश्य जास्त लागलं.

बोर्डवॉकच्या एका वळणावर श्वसनमुळांवर प्लास्टिकच्या पिशव्या पसरल्या होत्या. भरतीने आणून टाकलेल्या, चिखलाने जड झालेल्या. एक दुधाची पिशवी पाच-सहा मुळांवर टोपीसारखी घट्ट बसलेली. ती मुळं तिच्याखाली गुदमरत होती, यापेक्षा वेगळा शब्द मला सापडत नाही. आई कठड्यावरून वाकली, हात पोचेना. "काठी असती तर," ती पुटपुटली. तिथल्या एका कर्मचाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काढतो आम्ही, काकू. पण प्रत्येक भरतीला नवीन येतं."

परतताना आई पुन्हा त्या पहिल्या जागी थांबली. चिखलातल्या एका बारीक ओहळाचं पाणी आता उलट्या दिशेने, आत सरकत होतं. "भरती लागली बघ," ती म्हणाली. काठावरची मुळं एकेक करून बुडायला लागली. एक निवट्या सरकत सरकत एका मुळावर चढला आणि तिथेच चिकटून बसला.

केंद्र बंद व्हायची वेळ झाली होती. आईने विचारलं, "पुढच्या वेळी कधी आणशील? सुकतीलाच आण."