टेबलाचा दोष

डब्लिनच्या ॲबी थिएटरसमोर उभी राहिले आणि जरा हिरमुसलेच. आयर्लंडचं राष्ट्रीय नाट्यगृह म्हणजे खांब, कमानी असं काहीतरी मनात होतं. समोर दिसली करडी, चौकोनी, वीज मंडळाच्या कार्यालयासारखी इमारत. १९०४ ची जुनी वास्तू १९५१ च्या आगीत गेली, ही १९६६ ची. पण याच ॲबीत १९०७ साली जॉन मिलिंग्टन सिंग (आपले सिंग नव्हेत) यांच्या नाटकावरून प्रेक्षकांनी दंगा केला होता. आणि १९१३ मध्ये इथेच रवींद्रनाथांचं 'डाकघर' इंग्रजीत झालं होतं. आत जाताना पायरीला हात लावलाच.

ॲबीत सगळं चोख. १९२५ पासून सरकारी अनुदान, पगारी नट, आखीव प्रकाशयोजना. मला मात्र ओढ होती ॲथलोनची.

ह्यूस्टन स्टेशनवरून गाडीने दीड तास. शॅनन नदीवरचा पूल ओलांडला, किल्ल्याला वळसा घातला की डीन क्रो थिएटर. १९५३ पासून देशभरातल्या हौशी संघांची अंतिम स्पर्धा या गावात होते. शिक्षक, शेतकरी, नर्स अशी मंडळी हिवाळाभर गावच्या हॉलमध्ये तालमी करतात आणि वसंतात सेट गाडीत घालून गावोगावच्या महोत्सवांत प्रयोग लावत फिरतात. गुणांवरून नऊ संघ निवडले जातात. नऊ रात्री, नऊ नाटकं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी टेम्पोत नेपथ्याच्या चौकटींवर बसून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

वेगळं होतं ते पडदा पडल्यानंतर. टाळ्या झाल्या, मी पर्स उचलली, तर कुणी उठेचना. शेजारच्या आजोबांनी खुणेनेच बसवलं. परीक्षक कागद घेऊन थेट रंगमंचावर आले आणि नुकत्याच झालेल्या प्रयोगाबद्दल सगळ्यांदेखत बोलू लागले. चांगली पंधरा मिनिटं! धाकट्या बहिणीचं काम करणाऱ्या मुलीच्या संवादांमधल्या थांबण्याचं कौतुक केलं. मग म्हणाले, दुसऱ्या अंकात जेवणाचं टेबल इतकं पुढे आहे की आईचा चेहरा अर्ध्या प्रेक्षकांना दिसतच नाही. सभागृहात हलकीशी कुजबुज झाली. आजोबांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर स्वतःचे गुण मांडले होते, त्यातला नेपथ्याचा आकडा त्यांनी समाधानाने मला दाखवला.

सांगलीत आमच्या नाटकातलं कपाट ऐन प्रसंगात उघडलंच नव्हतं. परीक्षकांना ते दिसलं की नाही, दिसलं तर काय वाटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. निकाल वर्तमानपत्रात आला, आमचं नाव नव्हतं, विषय संपला. चारचौघांत पंधरा मिनिटं बोलणी खाणं त्या वयात मला झेपलं असतं का, शंकाच आहे. पण ते कपाट इतकी वर्षं डोक्यात राहिलं नसतं.

हौशी म्हणून इथे कुणी नाक मुरडत नाही, त्यामागे एक किस्सा आहे. लिस्टोलच्या जॉन बी. कीन यांनी लिहिलेलं 'साइव्ह' ॲबीने नाकारलं. गावच्याच हौशी संघाने ते बसवलं, १९५९ मध्ये ॲथलोनला पहिला क्रमांक मिळवला, आणि मग त्याच मंडळींनी ॲबीचे पाहुणे म्हणून त्याचे प्रयोग केले. कीन पुढे पब चालवत लिहीत राहिले. आजोबांनी हे इतक्या रंगून सांगितलं, जणू स्वतःच विंगेत उभे होते.

बाहेर आलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मागच्या दाराशी संघाची मंडळी सेट भरत होती. 'आई' अजून रंग न पुसलेल्या चेहऱ्याने टेबलाचं एक टोक धरून उभी होती, आणि दुसऱ्या टोकाच्या दाढीवाल्याला सांगत होती, "मी तालमीतच म्हटलं होतं."