उन्हाळ्यासाठी जंपसूट शिवला!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पातळ कॉटन आणलं, आधी धुऊन वाळवलं कारण ते आटतं, मग सिम्प्लिसिटी कंपनीचा पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना, उघडला. रेडीमेडची साइज धरायचीच नाही, पाकिटावरच्या तक्त्यात आपली मापं बघायची, आणि शिवणीचे १.५ सेंटिमीटर पॅटर्नमध्ये धरलेले असतातच. पण जंपसूटमध्ये खरी मेख धडाच्या उंचीची! खांद्यावरून टेप पायांच्या मधून फिरवून परत खांद्यापर्यंत आणा, जंपसूटमध्ये ते माप कमी पडलं तर बसताना आसन (दोन पायांमधला भाग) ओढतं आणि खांदे काचतात. म्हणून मी आधी जुन्या चादरीचा शिवून बघितला, कमरेच्या वर पुढे-मागे ३-३ सेंटिमीटर वाढवले, मगच कॉटनला कात्री लावली. आमच्या मे महिन्यातल्या दमट घामात इतका सुटसुटीत वाटतो ना, दुसऱ्याचं कापड भिजत घातलंय.