सहा ग्रॅम लवंग तेल आणि शॉर्ट-पाथ ऊर्ध्वपातन

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मला लवंग तेलातला मुख्य घटक, म्हणजे युजिनॉल, शुद्ध स्वरूपात हवा होता. फोंडा तालुक्यातल्या एका मसाल्याच्या बागेतून आणलेल्या लवंगांपासून मिळालेले तेल जेमतेम सहा ग्रॅम भरले. एवढ्याशा नमुन्यासाठी नेहमीचा ऊर्ध्वपातन संच उपयोगाचा नाही, कारण लांब कंडेन्सरच्या (बाष्प थंड करणाऱ्या नळीच्या) काचेला चिकटून राहणारे द्रवच अर्धा-पाऊण ग्रॅम होते. शॉर्ट-पाथ संचात बाष्पाला फ्लास्कपासून कंडेन्सरपर्यंत काही सेंटीमीटरच जावे लागते आणि वाया जाणारा भाग फार कमी राहतो.

मात्र या आखूड वाटेची एक मर्यादा आहे आणि ती आधी समजून घेतलीच पाहिजे. वाट आखूड असल्यामुळे बाष्प वारंवार थंड होऊन पुन्हा उकळत नाही, त्यामुळे उत्कलनबिंदू जवळजवळ असलेले घटक वेगळे होत नाहीत. लवंग तेलात नेमकी तीच अडचण आहे: पाऱ्याच्या १० मिलिमीटर दाबाला युजिनॉल १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, तर तेलातला दुसरा घटक कॅरिओफायलीनही १२० अंशांच्या जवळपासच. म्हणून मार्गदर्शक मॅडमच्या सल्ल्याने मी वेगळे करण्याचे काम आधी उरकले. युजिनॉल हे फिनॉल, म्हणजे सौम्य आम्लधर्मी, असल्याने थंड, विरल सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उतरते. कॅरिओफायलीन हेक्झेनने धुऊन निघते. मग आम्ल घालून डायक्लोरोमीथेनमध्ये युजिनॉल परत घेता येते. ऊर्ध्वपातनाकडे उरले ते फक्त रंग आणि न उडणारा चिकट गाळ काढण्याचे काम, आणि ते त्याला उत्तम जमते.

वातावरणाच्या दाबाला युजिनॉल २५४ अंशांना उकळते आणि तेवढ्या उष्णतेत काळवंडते, म्हणून निर्वात आवश्यक. डायक्लोरोमीथेन हा द्रावक आधीच रोटरी इव्हॅपोरेटरवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) पूर्ण काढून टाकावा. थोडा जरी राहिला तरी दाब उतरताच मिश्रण उसळते आणि मळकट थेंब थेट ग्राहक फ्लास्कमध्ये (शुद्ध द्रव गोळा होतो त्या फ्लास्कमध्ये) पोहोचतात. निर्वातात उकळखड्यांचा (द्रव न उसळता उकळावा म्हणून टाकायच्या खड्यांचा) भरवसा नसतो, त्यामुळे मी दहा मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये छोटा चुंबकीय ढवळक ठेवला. तापमापीचा फुगा बाजूच्या नळीच्या किंचित खाली असावा, नाहीतर आकडा खोटा येतो.

पंप सुरू केल्यावर दाब ४० मिलिमीटरच्या खाली उतरेना. एकेक जोड फिरवून पाहिला, तेव्हा तापमापीच्या जोडावरचे ग्रीस जागोजागी तुटलेले, धुरकट दिसले. नीट बसलेला जोड सगळीकडे सारखा पारदर्शक दिसतो. ते पुसून पुन्हा लावताच दाब दहावर आला. त्यानंतरच तेलकुंड तापवायला घेतले, कारण आधी तापवून मग दाब उतरवणे म्हणजे उसळीला आमंत्रण.

गोव्यातले नळाचे पाणी कोमट असले, तरी १२१ अंशांच्या बाष्पाला ते पुरेसे थंड आहे, आणि युजिनॉल त्यात गोठतही नाही. फ्लास्कच्या वरच्या भागाला काचलोकर आणि त्यावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळले, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने बाष्प वाटेतच परतत होते. सुरुवातीचे काही थेंब वेगळ्या नळीत घेतले. आकडा स्थिर झाल्यावर ग्राहक फिरवला, आणि फिकट पिवळसर, जवळजवळ रंगहीन द्रव एकेक थेंब उतरू लागला. तळाशी तपकिरी थर राहिला, तो कोरडा होऊ दिला नाही. तेलकुंड बाजूला करून फ्लास्क निवल्यावरच हळूहळू हवा आत सोडली.

शुद्धता तपासताना पातळ थर वर्णलेखनात (घटक वेगवेगळ्या डागांत दाखवणाऱ्या चाचणीत) एकच डाग आला, आणि २० अंशांना अपवर्तनांक १.५४१, म्हणजे शुद्ध युजिनॉलशी जुळणारा, भरला. हवेने रंग चढतो, म्हणून नमुना नायट्रोजनखाली तपकिरी कुपीत भरून फ्रिजमध्ये ठेवला आहे.